एक जुलैची नऊ मुलं

अवधपुरी, भोपाळ
रविवार, ९ नोव्हेंबर

प्रिय काकू,

आज रविवार, आणि अकरा वाजून गेले तरी माझा फोन आला नाही म्हणून तुम्ही दोनदा तरी मोबाइल उचलून पाहिला असेल. मी ठीक आहे. माय-बाबाही ठीक आहेत. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी आधी तुमच्या गुडघ्याचं विचारलं असतं, मग तुम्ही माझ्या लग्नाचं काढलं असतं, मग दोघी हसलो असतो आणि सांगायचं ते पुन्हा राहून गेलं असतं. लहानपणी माझं काही चुकलं की मला बोलताच यायचं नाही, नुसतं रडू यायचं. तेव्हा तुम्ही कागद-पेन्सिल पुढे सरकवून म्हणायचात, लिहून ठेव, मी तोवर कणीक मळते. आजही तसंच समजा. आणि एक विनंती, मध्येच शेवटचं पान काढून वाचू नका. तुमची सवय मला माहीत आहे.

आधी बरं ते सांगते. बाबांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता त्यांना लांबचं इतकं स्वच्छ दिसतं की गल्लीत कोण कुणाच्या दारात किती वेळ उभं होतं ते सगळं घरी येऊन सांगतात. माय म्हणते, याच्यापेक्षा मोतीबिंदू बरा होता. तुमच्या घराची किल्ली आमच्याकडेच आहे. दर गुरुवारी बाबा अंगण झाडतात, नळ दोन मिनिटं सोडून ठेवतात. आत जात नाहीत. मागचा कढीपत्ता आता गच्चीला टेकलाय आणि अर्धी कॉलनी त्याच्यावर जगते. शाळेत मला तिसरीचा वर्ग दिलाय. अतिथी शिक्षक म्हणजे पगार कधी येईल ते देव जाणे, पण ज्या खोलीत तुम्ही मला पहिल्यांदा बसवून गेलात त्याच खोलीत मी आता हजेरी घेते, याचं मायला एवढं कौतुक आहे की ती भाजीवाल्यालाही सांगते. ती स्वतः अजून अंगठाच देते. पण माझी सगळी प्रमाणपत्रं तिच्या ट्रंकेत, लग्नाच्या साडीखाली आहेत.

आता भुऱ्याचं. त्याचं नाव माझ्यासमोर घेऊ नकोस असं तुम्ही नाशिकला जाताना म्हणाला होतात आणि मी घेतलं नाही. आज घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. यातलं बरंच तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून लिहिते, कारण क्रम चुकला की मला वाटतं मी काहीतरी लपवतेय.

दोन हजार एकोणीसच्या फेब्रुवारीत, तुम्ही बिट्टन मार्केटच्या हाटाला गेल्या होतात त्या दुपारी, भुरा तुमच्या घरात कपाट फोडायला शिरला. आदल्या आठवड्यात त्यानंच तुमच्या बैठकीला रंग दिला होता, त्यामुळे घरात काय कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं. विश्वासकाका झोपले असतील असं त्याला वाटलं होतं. ते जागे होते. तुमची मंजूषा, माझी ताई, घरीच असेल हे तर त्याच्या ध्यानातही नव्हतं. दोघांनी त्याला ओळखलं, नावानं हाक मारली, आणि त्यानं दोघांना मारलं. त्यानंच मारलं यात तेव्हाही कुणाला शंका नव्हती, आजही नाही. त्यानं स्वतःच कबूल केलं आणि बाकीचे पुरावेही होते. त्याला फाशीची शिक्षा झाली तेव्हा न्यायाधीशांनी लिहिलं की ज्या घरानं याला माणसात आणलं त्याच घरात यानं हे केलं.

मी तेव्हा कॉलेजात होते. आमच्या वर्गानं मोर्चा काढला, त्यात मोठा फलक माझ्या हातात होता आणि त्यावर काय लिहिलं होतं ते मी इथे लिहीत नाही, तुम्ही पेपरात फोटो पाहिला होता. तो मी मनापासून धरला होता. शिक्षा झाल्याचं कळलं त्या दिवशी मी कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवले. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, झालं एकदाचं. मग थोड्या वेळानं म्हणालात, पण तो श्वास घेतोय तोवर मला झोप नाही गं. हे वाक्य मी विसरलेले नाही. पुढचं वाचताना हे लक्षात असू द्या.

या उन्हाळ्यात हायकोर्टात त्याच्या वकीलबाईंनी नवीन मुद्दा काढला. सरकारनं दिलेल्या वकील आहेत, वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांचं म्हणणं, गुन्हा झाला तेव्हा भुरा अठरा वर्षांचा नव्हता. पोलिसांनी आधारकार्डावरून एकोणीस लिहिलं होतं, त्यानंही तेच सांगितलं होतं आणि पाचवीतच शाळा सुटलेल्या मुलाचा शाळेतला कागद शोधावा असं कुणाला सुचलं नाही. गुन्ह्याच्या दिवशी अठराच्या आत असेल तर त्याला फाशी देता येत नाही, गुन्हा कितीही मोठा असो. आणि वय ठरवताना कायदा सगळ्यात आधी शाळेचा दाखला बघतो. म्हणून हायकोर्टानं खालच्या कोर्टाला सांगितलं, वयाची चौकशी करून कळवा. आणि शाळेत कागद आला, की सन दोन हजार सातचं दाखिल-खारिज रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही, आणि प्रवेशाचे फॉर्म घेऊन जबाबदार व्यक्तीनं हजर राहावं.

आमच्या हेडसरांना कोर्टाची पायरी नको होती. ते म्हणाले, मॅडम, तुम्ही याच शाळेच्या, तुम्हीच जा, विचारलं तेवढंच सांगा आणि सहीची पोच घेऊन या. रजिस्टर शोधायलाही मीच बसले. जुन्या कपाटात वाळवी लागली होती, पण दोन हजार सात शाबूत होतं. पान उघडलं आणि काकू, मला आधी हसू आलं. खरंच आलं, त्याबद्दल माफ करा. ओळीनं नऊ नावं, आणि नऊच्या नऊ जणांची जन्मतारीख एक जुलै दोन हजार एक.

तुम्हाला तो दिवस आठवत असणार. तुमच्या कॉलनीचं बांधकाम चालू होतं, आम्ही सगळे विटांच्या ढिगाजवळच्या झोपड्यांत राहायचो. आमचं एक घर पांढुर्ण्याकडचं मराठी, बाकी सगळे बुंदेलखंडातले. तुम्ही दुपारी झाडाखाली आम्हाला अक्षरं शिकवायचात आणि एक दिवस नऊ जणांना आंघोळ घालून, तेल लावून, रांगेनं शाळेत घेऊन गेलात. आमच्या आयांना तारीख कुठून माहीत. कुणी म्हणाली ज्या साली पाणी जास्त झालं, कुणी म्हणाली हा पोटात होता तेव्हा आम्ही भोपाळला आलो. तुम्ही फॉर्मवर सगळ्यांना एक जुलै दिली, कारण शाळा तेव्हा सुरू व्हायची, आणि सगळ्यांना बरोबर सहा वर्षांचं केलंत. माय सांगत होती की हिला आता आठवं वर्ष लागेल, निदान साडेसात तरी झालीच असेल. तुम्ही तिला समजावलंत, थोडं कमीच असू दे, पुढे नोकरीच्या वेळी कामाला येईल. आलंही कामाला. आमच्या नऊ जणांतल्या पूजाला शिपाई भरतीत वयोमर्यादेच्या अगदी शेवटच्या दिवशी बसता आलं ते त्यामुळेच. आणि ज्यांना शाळेत घालायजोगं नाव नव्हतं त्यांना नावंही तिथेच मिळाली. भुऱ्याला आदित्य हे नाव मंजूषाताईनं सुचवलं होतं.

पुढे दर एक जुलैला शाळेतल्या बाई विचारायच्या, आज वाढदिवस कुणाचा, आणि नऊ जण उभे राहायचे. संध्याकाळी तुमच्याकडे शिरा. काका दारात उभे राहून म्हणायचे, या बाईला एकाच दिवशी नऊ बाळंतपणं झाली, डॉक्टरसुद्धा घाबरला. भुऱ्याला तो विनोद कळायचा नाही, पण तो सगळ्यात जास्त हसायचा आणि शिऱ्यातले बेदाणे वेगळे काढून शेवटी खायचा. मला हे लिहू की नको कळत नव्हतं, दोनदा खोडलं. तुम्ही त्याला जेवू घातलंत हेच तुम्हाला सगळ्यात जास्त डाचतं, हे मला माहीत आहे. पण हे त्याच बेदाणे खाणाऱ्या मुलानं केलं; दुसऱ्याच कुणीतरी केलं असं मी धरून चालले तर माझं सगळंच चुकेल.

तर रजिस्टरप्रमाणे त्या दुपारी तो सतरा वर्षं सात महिन्यांचा होता. पाच महिने कमी पडतात आणि दोर बाजूला होतो. पण ती तारीख झाडाखाली, बॉलपेननं, आमच्यापैकी कुणालातरी पुढे सरकारी नोकरी लागावी म्हणून लिहिलेली आहे. माझं वय तुम्ही दीड वर्षानं कमी केलंत हे मला पक्कं माहीत आहे. त्याचं किती केलंत? मी आठवून आठवून थकले. एकदा वाटतं, सगळ्यांचंच कमी केलं असेल, मग तो तेव्हा अठरा ओलांडून गेला होता. एकदा वाटतं, नाही, कारण शाळेच्या पहिल्या आठवड्यात त्याचे पुढचे दोन दुधाचे दात पडलेले होते आणि तो माझ्या कानाएवढाच होता. माझे दात केव्हाच आले होते. मग तो खरोखरच सहाचा असेल आणि त्याच्या बाबतीत रजिस्टर खरं असेल. त्याची आई गेली. बाप कुठे आहे कुणाला ठाऊक नाही. माझी माय म्हणते, नऊ पोरांत कुणाचं काय सांगू, मला तुझंच नीट आठवत नाही. म्हणजे त्या दिवशी त्याच्या आईनं काय सांगितलं आणि लिहिलं काय, हे माहीत असलेलं माणूस जगात एकच आहे, आणि ते तुम्ही आहात.

मंगळवारी, चार तारखेला, मी रजिस्टर आणि फॉर्म कापडी पिशवीत घालून कोर्टात गेले. मायनं हातावर दही ठेवलं, जसं परीक्षेला ठेवायची. बाहेरच्या बाकावर बसले होते तेव्हा त्याला घेऊन आले. मी ओळखलंच नाही. अंगानं भरलाय, पुढचे केस गेलेत, पोटाशी दोन्ही हात धरून चालतो. त्यानं मला ओळखलं. शिपाई दार उघडायला पुढे झाला तेवढ्यात तो थांबला आणि खाली बघत म्हणाला, "सोनाली, काकी को मत बुलवाना।" एवढंच. मग त्याला आत नेलं.

मी तेव्हापासून त्या एका वाक्याभोवती फिरतेय. त्याला लाज वाटत असेल, की तुम्हाला पुन्हा त्याच्यासमोर उभं राहावं लागू नये. किंवा त्याला भीती असेल, की तुम्ही याल, खरं वय सांगाल आणि तो मरेल. दोन्ही असेल. मला त्याचा राग यायला हवा होता. तो त्या वेळी आला नाही. घरी आल्यावर आला, ताईची ओढणी अजून माझ्याकडे आहे ती कपाटात दिसली तेव्हा आला.

काकू, मी मुलांना शिकवते. तिसरीतलं पोरगं खोटं बोललं तर त्याला किती वेळ उभं करायचं याचाही मी दहादा विचार करते, आणि सोडून दिलं तर बाकीच्यांवर अन्याय झाला का याचा रात्री विचार करते. तुम्ही हसाल, पण मी अशीच आहे. ताईला आणि काकांना मारणाऱ्याला काय शिक्षा पुरेल हे मला आजही सांगता येत नाही. त्यानं आयुष्यभर आत राहावं, हे मला पटतं. त्यानं रोज उठून आठवावं, हेही पटतं. पण फाशीचं म्हटलं की पूर्वी जसं लगेच हो यायचं तसं येत नाही. मी फार वाचलेलं नाही, मोठे लोक यावर काय काय म्हणतात ते मला माहीत नाही. मला एवढंच दिसतं की तुम्ही एक जुलैच्या जागी एक जानेवारी लिहिली असती तर तो कागदावर अठराच्या वर गेला असता आणि वयाचा हा प्रश्न निघालाच नसता. ज्याच्यानंतर काहीच दुरुस्त करता येणार नाही असं काम अशा तारखेवर टेकवायचं, याची मला भीती वाटते. आणि तरी तो तसाच सुटून अवधपुरीच्या रस्त्यावर मला समोर दिसला तर मी काय करीन, तेही मला माहीत नाही. तुम्हाला खोटा धीर द्यायला मी हे लिहीत नाहीये.

आता जे सांगायला हे सगळं लिहिलं ते सांगते. कोर्टात वकीलबाईंनी रजिस्टर दाखवून तारीख विचारली, ती मी सांगितली. मग सरकारी वकिलांनी फॉर्म पुढे केला. हिंदी शाळेच्या फॉर्मवर तुमचा तो मराठी वळणाचा ल, कुणीही ओळखला असता, मी तर तोच ल गिरवून लिहायला शिकले. त्यांनी विचारलं, हे अक्षर कुणाचं आहे ते तुम्ही ओळखता का, आणि ही तारीख कुणाच्या सांगण्यावरून लिहिली ते माहीत आहे का. मी शपथ घेतलेली होती. मी म्हणाले, "नहीं, मुझे नहीं मालूम।" जन्मात पहिल्यांदा मी इतक्या सहज खोटं बोलले, आवाजसुद्धा कापला नाही. तुम्हाला त्या खोलीत यावं लागू नये म्हणून बोलले, की तो वाचावा म्हणून बोलले, की माझ्या आणि पूजाच्या तारखेला कुणी हात लावू नये म्हणून बोलले, मला खरंच सांगता येत नाही, आणि त्यामुळेच ते तसं ठेवता येत नाही. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी, सतरा तारखेला, पुढची तारीख आहे. मी अर्ज लिहून ठेवलाय. मी सांगणार आहे की अक्षर तुमचं आहे, माझी तारीख खोटी आहे, त्याची मला माहीत नाही, आणि चार तारखेला मी खोटं बोलले. त्यापायी माझं काय होईल ते होईल, हेडसरांनाही सांगितलंय. त्यानंतर तुम्हाला समन्स येईल. ते एखाद्या पोलिसाच्या हातून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. त्या झाडाखाली काय झालं ते तुम्ही कसं सांगायचं, यातलं एक अक्षरही मी सुचवणार नाही. पण मनातलं लपवलं तर हेही पत्र खोटं होईल, म्हणून एकदाच लिहिते: तो फासावर जाऊ नये असं मला वाटतं. हे वाचून तुम्ही माझ्याशी महिनाभर बोलला नाहीत तरी मी समजून घेईन, माझ्या जागी तुम्हाला ताईच हवी होती हे मला कायम ठाऊक आहे. पण एकट्या येऊ नका. तुमची तारीख लागली की मी रजा काढून नाशिकला येते आणि तुम्हाला घेऊन परतते. तुम्ही काहीही सांगा, त्याला वाचवणारं सांगा किंवा मारणारं, कोर्टात तुम्ही उभ्या असाल तेव्हा तुमची पर्स आणि पाण्याची बाटली माझ्या मांडीवर असेल, आणि बाहेर पडताना तुमचा हात मी धरलेला असेल.

तुमचीच,
सोनाली